एकोणीस नंबरच्या चकत्या

२०२२ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि त्या वर्षी मला जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसून करायची नोकरी लागली. रामदासपेठेत एका पॅथॉलॉजीच्या वरच्या मजल्यावर ऑफिस होतं. खाली लोक रक्त द्यायला रांगेत उभे, वर आम्ही तेलाच्या विहिरींची नाडी पाहायला बसलेले. नागपुरात तेलाची विहीर नाही हे मलाही माहीत आहे. ज्याला सांगितलं तो हेच म्हणाला. लकडगंजात आमच्या गल्लीच्या तोंडावर आरा मशीन आहे, तिचा मालक म्हणाला, "बाबूराव, या वयात घासलेटच्या दुकानात लागले काय गा?"

त्याला उभ्या-उभ्या सांगून समजणारी गोष्ट नव्हती. इथे जरा सावकाश सांगतो. ऱ्हस्व-दीर्घ मुलीने सुधारले आहेत, बाकी मजकुराला तिला हात लावू दिला नाही.

मी पारशिवनीकडच्या गावचा. शाळा चौथीपर्यंत. पाइप टाकणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर गुजरातेत गेलो तो खंभातच्या बाजूच्या तेलाच्या इलाक्यात तीस वर्षं राहिलो. माझं काम विहिरींवर नजर ठेवायचं. तेलाची विहीर म्हणजे लोकांना वाटतं मोठा फवारा. तसं काही नसतं. खारट चिखलाच्या मैदानात माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी नळ-चाकं उभी असतात, आवाज नाही, धूर नाही. आत काय चाललं आहे ते डोळ्याला दिसत नाही. दिसतं ते शेजारच्या डब्यात. त्या डब्यात एक कागदाची गोल चकती असते, जेवणाच्या ताटाएवढी. खाली चावीचं घड्याळ, ते चकतीला दिवसाला एक फेरा फिरवतं. वर शाईचं पेन. विहिरीत दाब वाढला की पेन बाहेर सरकतं, कमी झाला की आत. चोवीस तासांनी चकतीवर एक गोल रेघ तयार होते. ती काढायची, नवी लावायची, कोपऱ्यात सही करायची. मी 'बा. ग.' करत असे. बाबूराव गजभिये.

माझ्याकडे अकरा विहिरी होत्या. सायकलवर.

शिकलेले इंजिनियर चकतीवरचा आकडा वाचत. मला आकड्याशी फार घेणं नव्हतं. मी महिन्याच्या चकत्या खोलीत तारेवर ओळीने अडकवायचो आणि लांब उभा राहून पाहायचो. तिसावी चकती पहिलीपेक्षा बारीक दिसली की समजायचं, विहिरीचा गळा आवळतो आहे. आमच्या तेलात मेण असतं. वर येताना तेल थंड होतं आणि मेण नळीला आतून धरतं, चहाच्या भांड्याला साय धरते तसं. मग तारेला खरवडायचं औजार बांधून नळीत सोडायचं आणि मेण कापून काढायचं. हे मेण हळूहळू, आठवड्या-आठवड्याने चढतं. एका दिवसात दाब कोसळला तर ते मेण नव्हे. तिथे पाणी घुसलं किंवा नळी फुटली. पहिल्या दुखण्याला इलाज आहे, दुसऱ्याला बहुतेक वेळा नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

रामदासपेठेतल्या ऑफिसात हेच काम, फक्त तार नाही. भिंतीएवढा पडदा. त्यावर इलाक्याचा नकाशा आणि प्रत्येक विहिरीच्या जागी एक गोल. तेल जास्त तर गोल मोठा. तब्येत ठीक तर हिरवा, बिघडत असेल तर पिवळा, गेली तर लाल. गोलावर बोट ठेवलं की तीन रेषा उघडतात, तेलाची, पाण्याची आणि वायूची. हजारो आकडे असतात, पण ते कोणी वाचत नाही. चित्र पाहतात आणि ठरवतात, कोणती विहीर चालू ठेवायची, कोणती साफ करायची, कोणती कायमची बुजवायची. जुना इलाका एका नव्या कंपनीने घेतला होता आणि आमच्या जुन्या चकत्यांची खोकी इथे येऊन पडली होती. त्यांना त्या वाचणारा माणूस पाहिजे होता. जुन्या कामगारांच्या यादीत नागपूरचा मी एकटा निघालो.

तिथली मुख्य प्राजक्ता मेश्राम. तिशीतली, इंजिनियर, बोलायला मोकळी. पहिल्या दिवशी मी म्हणालो, मला कम्प्युटर येत नाही. ती म्हणाली, "काकाजी, तो आम्हाले येते. आम्हाले चकती नाही येत."

पहिल्या आठवड्यात तिने बोलावलं. सात नंबरच्या विहिरीच्या जुन्या चकत्यांवरून काढलेल्या रेषेवर रोज सकाळी अकराच्या सुमाराला एक झटका. कम्प्युटरने तिथे पिवळा पट्टा मारून ठेवला होता की विहिरीत वायू गचके देत येतो आहे. ऑफिसातली दोन पोरं त्यावर दोन दिवसांपासून वाद घालत होती.

मी पाहिलं आणि म्हणालो, "ही म्हैस आहे."

"काय आहे?"

"म्हैस. सात नंबरच्या पुढे तळं हाये. पाण्यावर जाता-जाता डब्याच्या खांबाले पाठ घासते. पेन उडते."

"काकाजी, मी कंपनीले फोन करून म्हैस सांगू काय?"

"खरं हाये तं काहून नाही सांगायचं?"

तिने फोन लावला. तिकडे एक जुना चौकीदार सापडला. तो म्हणाला, हो, मागाहून तिथे काटेरी तार लावली. प्राजक्ताने पाहिलं तर कुंपणाच्या वर्षापासून झटके बंद. त्या दिवसापासून ऑफिसात माझा भाव वाढला. मला तो आवडला, हेही लिहून टाकतो.

मग एकदा कंपनीचे एक साहेब पडद्यावर आले. गोरेगोमटे, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले की यात लाल फार आहे, वरचे लोक घाबरतील, जरा कमी होईल का. आमच्या ऑफिसच्या मालकांनी मान डोलावली. लाल कधी म्हणायचं त्याची मर्यादा खाली सरकवली आणि अर्ध्या लाल विहिरी चहा पिऊन होईपर्यंत पिवळ्या झाल्या.

मी प्राजक्ताला म्हणालो, "पिवळा रंग देल्यानं विहिरीले तेल येते काय?"

तिला राग आला असावा, पण मालकाचा राग तिला माझ्यावर काढता येईना. ती म्हणाली, "तुमच्या काळी असं कधी झालं नाही काय, काकाजी?"

"माझी एकही चकती कोरी नाही," मी म्हणालो. "तीस वर्षं. विचारा कोणालेही."

तिने विचारलं होतं एक, मी सांगितलं दुसरं. ते तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

पावसाळा संपता-संपता एकोणीस नंबर आली. एका शुक्रवारी कंपनीबरोबर बैठक होती, त्यात बुजवायच्या विहिरींची यादी ठरणार होती. बुधवारी प्राजक्ताने एकोणीसची रेषा पडद्यावर लावली. तीन महिने सरळ, सुतासारखी. मग एका दिवसात कोसळून जवळजवळ तळाला. त्यानंतर विहीर बंद, एकतीस वर्षांपासून. वर शेरा, की खरवडायचं औजार तार तुटून आत पडलं आहे.

"एका दिवसात गेली," ती म्हणाली. "औजार पडलं, नळी फुटली, पाणी घुसलं. हिले सिमेंट टाकून बुजवाच लागते. चकत्यांवर हे 'बा. ग.' तुमचंच ना?"

"माझंच."

"काय सफाई हाये काकाजी तुमची. एक डाग नाही तीन महिन्यांत."

मी पाणी प्यायला उठलो.

त्या साली मी छत्तीस वर्षांचा होतो. कायम करायच्या माणसांची यादी निघणार होती. एकोणीस सगळ्यात लांबची, चार किलोमीटर खाऱ्या चिखलातून. एक दिवस तिथे पोहोचलो तर डब्यातलं घड्याळ बंद. चकती जागच्या जागी, कोरी. आता नियम असा की चकती कोरी राहिली तर त्या माणसाने लेखी खुलासा द्यायचा, इंग्रजीत, सही करून. मला मराठी लिहिताना घाम फुटायचा. क्लार्ककडून लिहून घेता आला असता. दोघं-तिघं घेत. पण क्लार्क सगळ्यांसमोर विचारायचा, "क्यों, स्कूल का रस्ता नहीं देखा क्या?" मला ते ऐकायचं नव्हतं. मी स्टोअरला नवीन घड्याळ मागितलं, ते बाहेरून यायचं होतं. आणि तोवर चकती हाताने काढली. आमच्यात असं कधीमधी सगळेच करत. एखादा दिवस, सणवार, पोराचा ताप. 'हाताची चकती' असं तिला नावच होतं. दाबाचा काटा पाहायचा, पेन बोटाने धरायचं आणि चकती फिरवत रेघ मारायची. दुसऱ्याची हाताची चकती कोणी कोणाला दाखवून देत नसे. हा रिवाज.

पहिले आठ दिवस मी खरंच जाऊन काटा पाहिला आणि तसं काढलं. मग वाटलं, काटा तर हलत नाही. जाणं सोडलं. खोलीत बसून तीन-तीन, चार-चार चकत्या एकदम काढायला लागलो. माझा हात फार चांगला होता. खरं सांगतो, मजा यायला लागली होती. खऱ्या चकतीत दुपारच्या उन्हाने रेघ थोडी फुगते, पहाटे थोडी आत येते. मी ते फुगणंसुद्धा काढायचो. नवीन घड्याळ यायला तीन महिने लागले. ते बसवलं, आणि खऱ्या पेनने पहिल्या दिवशी जी रेघ मारली ती माझ्या आदल्या दिवसाच्या रेघेच्या कितीतरी आत होती.

दाब कमी म्हणून कानजीभाईला पाठवलं. कानजीभाई मेण कापणारा, तारेवरचा माणूस, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, ठेकेदाराकडे. त्याचंही नाव कायम व्हायच्या यादीत होतं. त्याच्या हाताला तारेतून कळायचं आत काय आहे ते. एकोणीसमध्ये त्याचं औजार खाली जाऊन असं अडकलं की वर येईना. ओढताना तार तुटली.

तपासणी पत्र्याच्या ऑफिसात झाली. कानजीभाई म्हणाला, साहेब, आत मेण आहे, गच्च आहे, महिन्यांचं आहे. इंजिनियर साहेबांनी माझ्या चकत्या टेबलावर पसरल्या. "ये देखो. कल तक थाली जैसी गोल है. मोम एक दिन में आता है क्या? तूने औज़ार गिराया और अब मोम की कहानी बनाता है." कानजीभाईने एक चकती उचलली. उजेडाकडे धरली. खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, एखाद्याला रस्ता द्यायला आपण थांबतो आणि पाहतो तसं. मी टेबलाच्या पायाकडे पाहत होतो. "ठीक है साब," तो म्हणाला. त्याला काढलं. एकोणीस बंद केली. दोन महिन्यांनी मी कायम झालो.

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. ती आता नाही.

पाणी पिऊन परत आलो. प्राजक्ता रेषेखाली बुजवायचं कारण टाइप करत होती. मी म्हणालो, "त्या तीन महिन्यांच्या चकत्या धरू नका."

"काहून?"

"घड्याळ खराब होतं."

"मग रेघ कशी आली?"

"चालायचं बंद पडायचं, चालायचं बंद पडायचं."

तिने माझ्याकडे थोडं जास्त वेळ पाहिलं. मग ते तीन महिने पुसून राखाडी केले. आता आधीची रेष एका टोकाला, नंतरची दुसऱ्या टोकाला, मध्ये नुसती जागा. तिने त्या जागेवरून एक उतरती ठिपक्यांची रेघ जोडली. मग शेजारच्या सोळा आणि बावीस नंबरच्या जुन्या रेषा, मेण चढताना कशा उतरल्या होत्या त्या, उचलून यावर ठेवल्या. तिन्ही उतार एकावर एक बसले. मला तारेवरच्या चकत्या आठवल्या. या पोरीला तोच डोळा आहे, फक्त तिला लांब उभं राहावं लागत नाही.

"मेण हाये हे," ती म्हणाली. "ही मेली नाही काकाजी, हिचा गळा बसला."

एकोणीस बुजवायच्या यादीतून निघाली. हिवाळ्यात तिच्यात गरम तेल सोडलं. आठ-दहा दिवसांनी मेण सुटलं आणि त्याच्याबरोबर कानजीभाईचं औजार वर आलं. त्याचा फोटो ऑफिसात पडद्यावर लावला. माणसाच्या हाताएवढा लोखंडी दांडा, सगळीकडून काळंपिवळं मेण थापलेलं, मध्ये तुटक्या तारेचं टोक. विहीर काही फार मोठी निघाली नाही, पण चालायला लागली. नकाशावरचा तिचा गोल हिरवा झाला, छोटासा.

ऑफिसात माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि पोरांनी आणलेला केक. मालक म्हणाले, काकाजींचा अनुभव नसता तर आपण एक जिवंत विहीर पुरली असती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल पांघरून घेतली आणि हात जोडले. दोन्ही हात केकने चिकट झाले होते.

घरी आल्यावर चहा ठेवला होता तो तसाच राहिला. तिकडच्या जुन्या स्टोअरकीपरचा नंबर माझ्याजवळ होता. त्याच्याकडून कानजीभाईच्या नातवाचा नंबर मिळाला. दिवेलागणीला फोन लावला. आमची बोली तेव्हाही हिंदीच होती.

"कौन? बाबूराव? नागपुरवाला?" आवाज म्हातारा झाला होता, पण तोच. "तीस साल में एक संतरा नहीं भेजा तूने."

मी विचारलं, नंतर काय केलं. तो म्हणाला, मिठागरात होतो वीस वर्षं. पायाला भेगा पडल्या त्या मिटल्या नाहीत, आता चालणं कमी आहे, बाकी नातू पाहतो, मजेत आहे.

"कानजीभाई," मी म्हणालो, "उन्नीस में से तेरा औज़ार निकला. मोम में था."

"हाँ. मोम ही था. मैंने तो बोला था."

"वो चकतियाँ मैंने हाथ से बनाई थी. तीन महीने की."

"मालूम है रे."

मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"मालूम है, बाबूराव. मैंने डिब्बा खोला था ना. पेन पे मकड़ी का जाला था. नई घड़ी लगने के पहले भी गया था मैं उधर, एक बार."

"फिर बोला क्यों नहीं?"

"तेरी चकती थी. मैं कैसे बोलता?" तिकडे नातवाच्या दुकानात कोणीतरी काही मागत होतं. "मैं तो रुका था. निकाला उसके बाद आठ दिन उधर ही था, ठेकेदार के कमरे में. सोचा तू बोलेगा."

मग तो माझ्या मुलीचं विचारायला लागला. तिचं लग्न झालं का, जावई काय करतो. मी काय उत्तरं दिली ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसने रामदासपेठेत गेलो. पॅथॉलॉजीचं शटर अर्धं उघडलं होतं. वरचं कुलूप प्राजक्ताने साडेनऊला काढलं, तोवर मी जिन्यात उभा होतो. ती म्हणाली, "काकाजी, इतक्या लवकर? तब्येत बरी हाये ना?" मी म्हणालो, एकोणीस उघडा. उभ्यानेच तिला सगळं सांगितलं, घड्याळापासून जाळ्यापर्यंत. ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, त्या राखाडी तीन महिन्यांवर टिपण टाकता येते, जो कोणी ही विहीर उघडील त्याला ते आधी दिसते. पण ते कंपनीकडे जाईल, आणि तुमचं नाव त्यात राहील. तुम्हाले चालन काय, असं तिने दोनदा विचारलं. मी म्हणालो, राहू दे, आणि कानजीभाईचंही पाहिजे, की मेण आहे हे त्याने त्याच दिवशी सांगितलं होतं, त्याचं खरं होतं.

तिने इंग्रजीत टाइप केलं. मी म्हणालो, खाली मराठीतही लिहा, मला वाचता आलं पाहिजे. तिने लिहिलं. मी चष्मा लावून, पडद्यावर बोट ठेवून, एक-एक अक्षर वाचलं. कानजीभाईचं बरोबर होतं. माझ्या चकत्यांना तिने 'अंदाजे भरलेल्या' लिहिलं होतं. मी ते पुसायला लावलं, तिथे 'खोट्या' लिहून घेतलं, आणि वर इंग्रजीतही बदलायला सांगितलं.